बकरी कुणी नेली, ते लाळ सांगते



डहाणू आणि तलासरीच्या पाड्यापाड्यांवर गटांच्या बैठका घेत आम्ही फिरतो. हप्ते जमा झाले, व्याजाचा हिशोब झाला, ठरावावर सह्या-अंगठे झाले की वही मिटता मिटता कुणीतरी हळूच म्हणतं, "ताई, परवा रात्री वाघ आलेला." आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. आज मात्र आम्ही बिबट्याला बिबट्या म्हणू, कारण पुढे पट्ट्यांच्या वाघाचीही गोष्ट येणार आहे.

एका पाड्यावरच्या ताईंनी गटाकडून कर्ज घेऊन दोन बकऱ्या घेतल्या होत्या. त्यातली गाभण बकरी एका रात्री कुडाच्या गोठ्यातून गेली. सकाळी ओहळाच्या कडेला अर्धी सापडली. घरच्यांनी वास सुटायच्या आत उरलेली बकरी पुरली, रक्ताचे डाग धुतले, अंगण शेणाने सारवून घेतलं. चार दिवसांनी कुणीतरी सांगितलं म्हणून कळवलं, तेव्हा पंचनाम्याला आलेल्या माणसाला बघायला काहीच उरलं नव्हतं. "कुत्र्यांनी मारली असेल," असं म्हणून तो गेला. भरपाई मिळाली नाही. गटाचा हप्ता मात्र पुढच्या महिन्यात होताच.

बकरी बिबट्याने नेली की कुत्र्यांनी, हे त्या ताईंना आजही माहीत नाही. पण त्या सकाळी ओहळाच्या कडेला त्याचं उत्तर पडलेलं होतं. बकरीच्या मानेवर ज्याचे दात रुतले त्याची लाळ तिथे लागलेली होती, आणि लाळेत त्या जनावराचा डीएनए होता. आजचं बोलणं त्याच्याबद्दल आहे.

डीएनए हा शब्द आपण टीव्हीवर ऐकतो, बहुतेक वेळा मूल कुणाचं या भांडणात. पण तो माणसापुरता नाही. बिबट्या, कासव, चिकूचं झाड, मोहाचं झाड, प्रत्येक जिवाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तो असतो. पेशी म्हणजे शरीराचा डोळ्याला न दिसणारा बारीक कण, आणि डीएनए म्हणजे त्या कणात गुंडाळून ठेवलेला लांबच लांब धागा. आपलं वारली चित्र डोळ्यांसमोर आणा. त्रिकोण, गोल, चौकोन आणि रेघा, एवढ्याच खुणा. तेवढ्यातून लग्नाचा चौक होतो, तारप्याचा नाच होतो, भाताची लावणी होते. आणि दोन बायकांनी तोच चौक काढला तरी जाणत्या माणसाला कुणाचा हात कोणता ते कळतं. डीएनएतही खुणा चारच आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ए, टी, जी आणि सी अशी अक्षरं म्हणतात. त्या चार अक्षरांची मांडणी बदलली की जीव बदलतो. बिबट्याच्या डीएनएच्या एका पूर्ण प्रतीत ही अक्षरं अडीचशे कोटींच्या आसपास असतात. बिबट्या-बिबट्यांमध्ये त्यातली बहुतेक सारखी, थोडी वेगळी. त्या थोड्यावरच सगळा खेळ आहे.

हे वाचतात कसं? कोरोनाच्या वेळी नाकात कापसाची काडी घालून नमुना घ्यायचे, ते आठवत असेल. ती काडी प्रयोगशाळेत गेली की पीसीआर नावाच्या पद्धतीने त्यातल्या इवल्याशा अंशाच्या लाखो प्रती काढतात, म्हणजे तो वाचता येतो. जंगली जनावरांसाठी पद्धत तीच, फक्त काडी बिबट्याच्या नाकात कोण घालणार? म्हणून त्याने मागे टाकलेल्या वस्तू उचलायच्या. काट्याला अडकलेला केस, चावल्या जागची लाळ, वाटेवर पडलेली विष्ठा. विष्ठा बाहेर येताना आतड्याच्या अस्तराच्या पेशी तिच्या वरच्या भागाला चिकटून येतात. त्यामुळे त्या ढिगात दोन डीएनए असतात, एक खाणाऱ्याचा आणि एक खाल्लेल्याचा. बिबट्याला न पकडता, न बेशुद्ध करता, त्याला दिसतही न दिसता हे काम होतं.

प्रयोगशाळा मग एकामागून एक प्रश्न विचारते. पहिला प्रश्न, हा जीव कोणता? बिबट्या, कुत्रा, कोल्हा की तरस? हे सोपं. त्यासाठी डीएनएचा एक छोटा तुकडा वापरतात, जो पेशीच्या मध्यभागी नसतो, बाजूच्या मायटोकाँड्रिया नावाच्या कणांत असतो. या तुकड्याची गंमत अशी की तो मुलांना फक्त आईकडून मिळतो. बापाचा हा तुकडा पुढे जात नाही. सातबाऱ्यावर आपलं नाव लागो न लागो, प्रत्येक जिवाच्या अंगात आईकडचं नाव असं लिहिलेलं असतं. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संस्थेत लालजी सिंग आणि सुनील कुमार वर्मा यांनी याच तुकड्यावरून कोणत्याही प्राण्याची जात ओळखायची एक पद्धत २००३ मध्ये मांडली. शिकाऱ्याकडून पकडलेलं मांस कोणाचं, कातडं कोणाचं, हे त्यामुळे कोर्टात सांगता येऊ लागलं.

दुसरा प्रश्न, नर की मादी? नराच्या अंगात वाय नावाचं गुणसूत्र असतं. ते सापडलं की नर.

तिसरा प्रश्न सगळ्यात कठीण. बिबट्या खरा, पण कोणता बिबट्या? डीएनएत काही जागी तीच दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. एखाद्यात ती बारा वेळा, दुसऱ्यात सतरा वेळा. अशा दहा-पंधरा जागा मोजल्या की जो आकड्यांचा संच मिळतो, तो त्या एका जनावराचाच. पुढच्या वर्षी दुसऱ्या ओढ्याजवळ तोच संच मिळाला, तर तोच बिबट्या तिथे गेला होता असं छातीठोकपणे म्हणता येतं.

आता तुम्ही म्हणाल, कोणताही असेना, पिंजरा लावा आणि न्या त्याला लांब. आमच्या बैठकांत हे वाक्य दर वेळी येतं, आणि ज्या बाईला पहाटे लाकडाला किंवा मोहाची फुलं वेचायला जायचं असतं तिच्या तोंडून ते आलं तर तिला दोष देता येत नाही. पण पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरकडे काय झालं ते ऐका. तिथे उसाच्या पट्ट्यात बिबटे राहतात. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मग मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. त्यानंतर हल्ले वर्षाला सरासरी सतरा झाले, आणि त्यांत माणूस दगावण्याचं प्रमाणही वाढलं. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशोब २०११ मध्ये प्रसिद्ध केला. पिंजऱ्यात जो आला तो दोषी, असं धरून चालल्याचा हा परिणाम. पिंजऱ्यात बहुतेक वेळा जवळपास राहणारा, माणसांची सवय असलेला बिबट्या सापडतो. त्याला अनोळखी जागी नेऊन सोडलं की तो घाबरतो, भटकतो, परत यायला बघतो. त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो. म्हणजे दोन गावांना त्रास.

म्हणून "कोणता" हा प्रश्न विचारावा लागतो. कायद्यानेही तो विचारावा लागतो. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय त्याला पकडता किंवा मारता येत नाही.

पट्ट्यांच्या वाघाची गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातली. पांढरकवडा-राळेगाव भागात २०१६ पासून दोन वर्षांत तेरा माणसं मेली. बहुतेक शेतात राबणारी, गुरं राखणारी. संशय टी-१ या वाघिणीवर होता, लोक तिला अवनी म्हणत. मृतांच्या जखमांवरून घेतलेले नमुने डीएनए तपासणीला पाठवले गेले, कारण त्या भागात एक नर वाघही फिरत होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री वाघिणीला गोळी घातली गेली, आणि ती कशी घातली यावर देशभर भांडण झालं. त्या भांडणात आम्ही पडत नाही. आमच्या मनात राहिलं ते एवढंच, की तेरा घरांतल्या लोकांना "कुणी" या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि नुसत्या पावलांच्या ठशांवर ते पक्कं देता येत नव्हतं.

डीएनए सगळं सांगतो असंही नाही. मेलेल्या बकरीवर बिबट्याची लाळ सापडली, तर त्याने तोंड लावलं हे नक्की. पण बकरी आधीच आजाराने मेली होती आणि त्याने नंतर येऊन खाल्ली, हेही शक्य असतं. ते दातांच्या खुणा, रक्त साकळलंय का, ओढत नेल्याची रेघ आहे का, हे पाहून ठरवावं लागतं. हल्ला का झाला, तेही डीएनए सांगत नाही. शिवाय तपासणीला पैसे आणि दिवस लागतात. प्रत्येक बकरीमागे कुणी लाळ हैदराबादला पाठवणार नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. माणसावर हल्ला झाला, किंवा एकाच भागात पुन्हा पुन्हा होऊ लागला, की त्याची गरज पडते.

कुत्र्यांची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगण्यासारखं. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याची विष्ठा गोळा करून त्यातल्या केसांवरून तो काय खातो हे तपासलं. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली झालं, डीएनएने नाही. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. त्यात सगळ्यात जास्त कुत्री, ३९ टक्के. बकऱ्या ११ टक्के. त्या भागात बकऱ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या, तरी. कारण बकऱ्यांना राखण असते आणि रात्री त्या आत असतात. उकिरड्यावर पोसलेली मोकाट कुत्री हेच बिबट्याचं पाड्याकडे यायचं मोठं आमंत्रण. कोंबडीची आतडी, मासळीचं टाकाऊ घराजवळ फेकू नका असं आम्ही म्हणतो ते उगीच नाही. आणि कुडाच्या गोठ्याला खालून फळी किंवा जाळी मारून घ्या.

काही बाया विचारतात, हल्ली बिबटे फार वाढलेत ना? आपल्याला दिसतात जास्त, हे खरं. पण डीएनएला लांबची आठवण असते. कळपात जीव कमी झाले की वंशातला वेगळेपणा कमी होतो, आणि त्याची खूण पुढच्या पिढ्यांच्या डीएनएत राहते. देशभरातल्या बिबट्यांचे नमुने तपासून देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये सांगितलं, की गेल्या सव्वाशे ते दोनशे वर्षांत भारतातले बिबटे ७५ ते ९० टक्क्यांनी घटले असावेत. ज्या प्राण्याला आपण 'सगळीकडे आहे' म्हणतो त्याची ही गोष्ट.

वाघांच्या विष्ठेवरून मध्य भारतात असंच काम झालं. सातपुडा, मेळघाट, पेंच, कान्हा या जंगलांतल्या वाघांचं एकमेकांशी नातं किती, ते पाहिलं. मधली जंगलाची पट्टी टिकली तिथे नातं टिकलं होतं, आणि जिथे ती तुटली तिथे पातळ होत चाललं होतं. पेंचमधून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाखालून पुढे प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेवल्या गेल्या आणि वाघ त्या वापरतात, हे कॅमेऱ्यांत दिसलं. आपल्या दोन तालुक्यांकडे बघा. मुंबई-अहमदाबाद महामार्ग होताच. त्याच्या जोडीला मालगाड्यांचा वेगळा मार्ग, वडोदऱ्याचा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन. समुद्र आणि जव्हारचे डोंगर यांच्यामध्ये एवढ्या रेघा ओढल्या गेल्या. बिबट्याने पलीकडे जायचं कुठून? ग्रामसभेत रस्त्याखालच्या मोरीचा विषय येतो तेव्हा आपण पाणी आणि गुरं एवढंच बोलतो. बिबट्याही मोरीतूनच जातो, आणि मोरी नसली तर रस्त्यावरून जातो.

आपल्या वाडवडिलांनी या जनावराशी एक नातं ठेवलं होतं. वाघोबा. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत फिरून संशोधकांनी वाघोबाच्या सुमारे १५० देवळ्या नोंदवल्या, आणि तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दगडावर नाहीतर लाकडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला तिथे नैवेद्य होतो. वाघोबा राखतो, पण त्याला विसरलं तर कोपतो, असं म्हाताऱ्या सांगतात. डीएनए आणि वाघोबा एकमेकांच्या विरोधात आहेत असं आम्हाला वाटत नाही. वाघोबाला मानणारी म्हातारीही 'वाघ वाईट' असं सरसकट म्हणत नाही. तीही विचारते, कोणता, आणि का.

आता धाकटी डहाणू, चिंचणी, बोर्डी, झाई या किनाऱ्यावरच्या गटांसाठी. पावसाळ्यात तुमच्या वाळूवर जखमी कासवं येऊन पडतात. कुणाचा पुढचा पाय जाळ्यात कापलेला, कुणी पोटात प्लॅस्टिक गेलेलं. डहाणूत त्यांच्यावर उपचाराचं केंद्र आहे. वनविभाग आणि वाइल्डलाइफ कंझर्वेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन ही इथलीच संस्था ते बघतात. पण हे कासव आलं कुठून?

कासवाची मादी मोठी झाली की ज्या भागातल्या किनाऱ्यावर जन्मली तिकडेच अंडी घालायला परतते. बाळंतपणाला माहेरी जाते म्हणा ना. आणि मघाशी सांगितलेला आईकडचा तुकडा आठवा. पिढ्यान्‌पिढ्या त्याच किनाऱ्यावर अंडी घातली गेली की त्या किनाऱ्याची खूण त्या तुकड्यात उतरते. म्हणून कासवाच्या कातडीचा तांदळाएवढा तुकडा किंवा थोडं रक्त घेऊन त्याचं माहेर शोधता येतं. सीसीएमबी आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी ओडिशाकडच्या ऑलिव्ह रिडले कासवांवर हे काम करून २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या देशातली ही कासवं जगातल्या इतर ऑलिव्ह रिडलेंपासून वेगळी आणि वंशाने जुनी निघाली. दुसऱ्या महासागरांतली कासवं यांच्यापासूनच पसरली असावीत, असं त्यांनी मांडलं.

माहेरची रीत सगळ्याच मोडत नाहीत असंही नाही. ओडिशात २०२१ मध्ये पायाला बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. बिल्ला त्या एकीची गोष्ट सांगतो. तिच्यासारख्या आणखी किती येतात, हे किनाऱ्यावरच्या कासवांच्या डीएनएतून शोधता येईल. एक गोष्ट मात्र कासवाच्या डीएनएत लिहिलेली नसते, मुलगा की मुलगी. ते वाळूची ऊब ठरवते. वाळू तापली की माद्या जास्त.

आता कामाचं, वहीत लिहून घ्या.

जनावर मारलेलं सापडलं तर पुरू नका, हलवू नका, कापू नका. आजूबाजूचे ठसे पाटीने झाकून ठेवा, अंगण सारवू नका. मोबाइलवर मानेचा, ठशांचा, ओढत नेल्याच्या रेघेचा फोटो काढा. वनरक्षकाला किंवा पोलीस पाटलांना ४८ तासांच्या आत कळवा. वनविभागाचा नंबर १९२६.

माणसावर हल्ला झाला तर आधी माणूस. त्याची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचीच, पुराव्यासाठी ती तशीच ठेवायची नाही. बिबट्याच्या चाव्यातूनही रेबीज होऊ शकतो, म्हणून लगेच दवाखाना आणि इंजेक्शन. त्याचे फाटलेले कपडे मात्र धुवू नका. सावलीत वाळवा, कागदात गुंडाळून वनविभागाला द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरून बुरशी येते आणि डीएनए सडतो. ऊन आणि पाऊसही त्याला सोसत नाहीत. माणूस दगावलाच, तर पंचनामा होईपर्यंत अंघोळ घालू नका. हे सांगायला जड जातं, पण सांगतो. अशा मृत्यूला राज्य शासन २५ लाख रुपये देतं, आणि कागद अडकतो तो पुराव्यापाशीच.

जंगलात वाटेवर केसांनी भरलेली, पिळलेल्या दोरीसारखी विष्ठा दिसली तर हात लावू नका. जागा लक्षात ठेवून वनरक्षकाला सांगा. वाळूवर कासव दिसलं तर पाण्यात ढकलू नका, जखमी कासव बुडतं. ओलं फडकं पाठीवर टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, कुत्री हाकला आणि फोन करा.

गटाने बकरीसाठी कर्ज देताना बकरीचा कानातला बिल्ला आणि फोटो वहीला जोडायचा ठराव काही गटांनी केला आहे. विम्यालाही तो लागतो आणि पंचनाम्यालाही. पुढच्या बैठकीत तुमच्या गटात हा विषय घ्या.